नशा पण आणि अँग्झायटी पण? थेरपी घेताना या चुका टाळा

माझा मावसभाऊ गोव्यात सीझनला शॅकवर (किनाऱ्यावरच्या हॉटेलात) कामाला असायचा, अल्प्राझोलमच्या (घबराट कमी करणाऱ्या, पण सवय लागणाऱ्या) गोळ्या रोजच्याच झालेल्या, त्यात गांजा. घरचे म्हणायचे आधी नशा सोड, छातीतली धडधड मागाहून बघू. तिथेच चुकलं बघा. धडधड थांबावी म्हणून गोळी, गोळीचा अंमल उतरला की धडधड दुप्पट, मग परत गोळी. दोन्हीवर एकदमच काम लागतं.

पण एकदम म्हणजे दोन काउन्सेलरकडे वेगवेगळं जाणं नव्हे, ही सगळ्यात मोठी चूक आणि आम्ही ती केली. नशेवाले सांगायचे, जिथे माल मिळतो, जुने मित्र भेटतात तिथे फिरकू नको. अँग्झायटीवाले सांगायचे, ज्याची भीती वाटते तिथे मुद्दाम जा, टाळलंस तर भीती वाढते. दोघंही बरोबरच, पण एकमेकांशी बोललेच नाहीत, आणि हा पोरगा घरातच बसून राहिला! शेवटी एकाच थेरपिस्टने कागदावर दोन रकाने पाडून दिले. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, गर्दीची कदंबा बस, तिथे फक्त भीती आहे, तिथे हळूहळू जायचं. शॅकवरची रात्रीची पार्टी, तिथे नशा आहे, तिथे सध्या अजिबात नाही. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) दोन्हीला चालते, फक्त हे वेगळं काढलं पाहिजे.

बाजारात जाताना खिशात 'असू दे' म्हणून अर्धी गोळी ठेवू नका. मग डोकं म्हणतं गोळीमुळेच निभावलं, स्वतःमुळे नाही.

आणि जोशात येऊन रोजच्या गोळ्या (किंवा रोजची दारू) एका दिवसात बंद, हे तर कृपा करून नकोच, फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं. डॉक्टरच डोस हळूहळू उतरवतात. उतरवताना घाबरल्यासारखं जास्त होतं, ते बरंचसं गोळी सुटतानाचं असतं, थेरपी फेल गेली असं समजू नका.

घरच्यांनो, भाषणं नकोत. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली मोटिवेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत आहे, त्यात सोडायचं कारण माणसाच्याच तोंडून येऊ देतात. भाऊ म्हणाला, आईसमोर हात थरथरतात ते नको वाटतं. आम्ही वर्षभर ओरडून हे कळलं नव्हतं.

मध्येच परत घेतली तर लाजून सेशन चुकवू नका, त्याच आठवड्यात जा. बांबोळीला आयपीएचबीची (सरकारी मानसोपचार हॉस्पिटलची) ओपीडी आहे, आणि रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट लागतो.