भंगारातला अडॅप्टर, फवारणी पंपाची बॅटरी आणि लाइन गेल्यावरही चालणारा राऊटर

मृगाचं वादळ आलं की खेड्यातली लाइन जाते, ती कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते. तेवढ्यासाठी इन्व्हर्टर घ्यायची गरज नाही. राऊटर, सीसीटीव्ही कॅमेरा आणि बरेचसे सेट-टॉप बॉक्स १२, ९ किंवा ५ व्होल्ट डीसीवरच चालतात. इन्व्हर्टर बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करतो, अडॅप्टर त्याचे परत १२ करतो, आणि दोन्हीकडे वीज वाया जाते. इकडे फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी हंगाम संपला की कोठ्यात पडून असते. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज न करता महिनोन्महिने ठेवली तर सल्फेट धरते आणि मरते. त्यापेक्षा तिला घरात कामाला लावा: जळालेल्या अडॅप्टरची वायर आणि पिन वापरून तिच्यावर राऊटर चालवा.

बॅटरी पंपातून अंगणातच काढा, ओल्या फडक्यानं नीट पुसा, हात साबणानं धुवा आणि मगच ती घरात न्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले; कीटकनाशकाचा अंश घरात नकोच. काही नव्या पंपांत लिथियम बॅटरी असते, म्हणून लेबल वाचा. खालचे चार्जिंगचे आकडे फक्त लेड-ॲसिडचे आहेत.

जळालेल्या अडॅप्टरमधलं काय घ्यायचं

वायर, पिन आणि लेबल. डबी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही झटका बसेल इतकी वीज राहू शकते. लेबलवर आउटपुट पाहा. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. नागमोडी रेघ असेल तर ते एसी आउटपुट, त्यावर चालणारं यंत्र या जोडणीत घेऊ नका. पिनचं चित्रही तिथंच असतं, बहुतेक वेळा मध्ये प्लस.

वायर डबीच्या अगदी मुळाशी कापा म्हणजे पूर्ण लांबी मिळते. टोकं एक सेंटिमीटर सोला. पांढरी रेघ असलेली तार प्लसच असेल असं धरून चालू नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार जोडलेली असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, पिनच्या भोकात शिवणाची सुई घालून एक प्रोब तिला टेकवा, दुसरा आळीपाळीनं दोन्ही तारांना. मधल्या भोकाशी बीप देणाऱ्या तारेवर लाल टेप लावा. पिनचा बाहेरचा व्यास सहसा ५.५ मिमी असतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ मिमी. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ ची पिन सैल बसते आणि राऊटर सारखा रीस्टार्ट होतो. अशा वेळी दोष बॅटरीला दिला जातो.

व्होल्टेज जुळवणं

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. १२ व्होल्टची बॅटरी कधीच नेमके १२ देत नाही. पूर्ण भरून थांबलेली १२.७, अर्धी १२.२ च्या आसपास, चार्जिंगवर १३.६ ते १४.४. राऊटरमधला इनपुट कपॅसिटर १६ व्होल्टचा असेल तर १४.४ ला तो अगदी काठावर येतो. म्हणून थेट जोडण्यापेक्षा मध्ये मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारं छोटं सर्किट, घाला.

९ किंवा ५ व्होल्टच्या यंत्राला एलएम२५९६ चिपचं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल पुरतं. लिहिलेलं ३ अँपिअर असतं, पण हीटसिंकशिवाय दीड-दोनच्या वर नेऊ नका. १२ व्होल्टच्या यंत्राला हे मॉड्यूल चालत नाही, कारण त्याला आउटपुटपेक्षा दीडेक व्होल्ट जास्त इनपुट लागतं. तिथं दोन कॉइल असलेलं एक्सएल६००९ चं बक-बूस्ट (उतरवणारं आणि चढवणारंही) घ्या. एक कॉइल असलेलं फक्त बूस्ट असतं, ते चुकून घेऊ नका. मॉड्यूल आधी बॅटरीला जोडा, स्क्रू फिरवून मीटरवर १२.० आणा, मगच पिन राऊटरला लावा.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत गाडीचा ब्लेड फ्यूज हवाच. एका राऊटरला ३ अँपिअर. छोट्या बॅटरीचाही शॉर्ट झाला तर तार लाल होऊन कोटिंग पेट घेऊ शकतं. वायर ०.७५ चौ. मिमी ठीक, पण बॅटरी पाच मीटर लांब असेल आणि २ अँपिअर ओढायचे असतील तर जाता-येता अर्धा व्होल्ट पडतो. तिथं १.५ ची घ्या.

किती वेळ चालेल

१२ × ८ म्हणजे ९६ वॉट-तास. निम्मेच वापरायचे, म्हणजे ४८. मॉड्यूलमधलं नुकसान धरून हाती सुमारे ४० येतात. ६ वॉटचा राऊटर साडेसहा तास. जुनी बॅटरी याच्या निम्मंही देणार नाही. लोडवर ११.५ व्होल्ट दिसले की बंद करा. लक्ष ठेवायला जमत नसेल तर लो-व्होल्टेज कटऑफ मॉड्यूल लावा.

चालू लॅपटॉप अडॅप्टरचा चार्जर

१९ व्होल्टचा चालू अडॅप्टर भंगारात मिळाला तर त्याच्या पुढं करंट-मर्यादा असलेलं एक्सएल४०१५ चं बक मॉड्यूल लावा. करंट दीड अँपिअर: ०.८ बॅटरीला, बाकी राऊटरला. मॉड्यूलच्या आउटपुटला १एन५८२२ डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा) घाला, पट्ट्याची बाजू बॅटरीकडं. डायोड नसेल तर लाइन गेल्यावर बॅटरी उलटी मॉड्यूलमधून अडॅप्टरमध्ये रिकामी होत राहते. अडॅप्टरचा दिवा लागलेला दिसला तर हेच घडतंय. राऊटर चालू ठेवून डायोडनंतर, बॅटरीच्या टोकांवर मोजा. बॅटरी पूर्ण भरल्यावर तिथं १३.६ दिसायला हवेत.

हा आकडा २५ अंशांसाठीचा. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात घरातही ४० असतं, तेव्हा १३.३ वर आणा. नाही तर बॅटरी फुगते. पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. खाली फरशीवर, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवा. पंपासोबत आलेला साधा चार्जर मात्र कायम लावून ठेवण्यासाठी नसतो, हिरवा दिवा लागला की काढा.

लॅपटॉप याच बॅटरीवर चालवायचा विचार सोडा. ६५ वॉटला बॅटरीतून सहा अँपिअर ओढले जातात आणि ती अर्ध्या तासात बसते. शिवाय डेलच्या लॅपटॉपला अडॅप्टरमधली ओळखीची चिप लागते. नुसती वायर कापून जोडली तर तो चालतो, पण त्याची बॅटरी चार्ज होत नाही.