हस्तकलेची प्रेरणा शोधण्याआधी घरातली कचरापेटी पाहा

साध्या, पर्यावरणपूरक राहणीची आणि सुबक हस्तकलेची छायाचित्रे पाहिली की आपणही असे काही करावे अशी ऊर्मी येते, आणि बहुतेक वेळा ती थेट खरेदीकडे वळते. एकसारख्या काचेच्या बरण्या, नव्या सुती पिशव्या, रंगीत दोऱ्यांच्या रिळांचा डबा असे सामान घरात येते आणि ज्या पसाऱ्यातून सुटण्यासाठी हा खटाटोप मांडला, त्याच पसाऱ्यात भर पडते. हे टाळायचे असेल तर क्रम उलटा करावा लागतो: आधी घरातली गरज ओळखायची आणि मगच तिला जुळणारी कल्पना शोधायला निघायचे.

सुरुवात वहीपासून करावी. आठवडाभर कचरापेटीत काय काय गेले याची रोज रात्री दोन ओळींत नोंद ठेवावी. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर घरात नादुरुस्त म्हणून पडून असलेल्या वस्तू लिहाव्यात: बटण तुटलेला सदरा, चेन बिघडलेली पिशवी, पाय डगमगणारे स्टूल. सातव्या दिवशी नोंदी वाचल्या की दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतात. त्यांतली सर्वांत जास्त वेळा आलेली एकच गोष्ट निवडावी, मग ती कितीही कंटाळवाणी असो. कागदी रुमाल रोज टाकले जात असतील, तर जुन्या सुती चादरीचे चौकोन कापून त्यांच्या कडा दुमडून शिवणे हेच आपले पहिले काम. ते छायाचित्रात फारसे खुलून दिसत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून उपयोगी पडते.

आता नमुने शोधावेत. पुस्तके, मासिके, प्रदर्शने, ओळखीच्यांची घरे, कुठूनही घेतले तरी चालतील; मात्र प्रत्येक नमुन्याला तीन प्रश्न विचारावेत. लागणारे सामान घरात आहे का? वस्तू वापरून आणि धुऊन झाल्यावर कशी राहिली, हे करणाऱ्याने सांगितले आहे का? आणि तिचे आयुष्य संपल्यावर तिचे काय होणार? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. काचेची साधी बाटली धुऊन पुन्हा वापरता येते किंवा काच म्हणून वितळवायला देता येते. तिच्यावर डिंक, रंग आणि चमकी थापली की ही दोन्ही कामे अवघड होतात. शिवाय बाजारातली बरीचशी चमकी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे बारीक तुकडेच असतात. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या नावाखाली जे केले जाते, त्यातले बरेचसे माझ्या मते टाकाऊपासून शोभिवंत टाकाऊ असते.

नव्या कापडाच्या मोहाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, साध्या प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत नवी सुती पिशवी केवळ हवामानबदलाच्या दृष्टीने परवडायची असेल, तरी ती किमान ५२ वेळा वापरावी लागते. पर्यावरणावरचे इतर परिणामही धरले तर ही संख्या हजारांत जाते. म्हणून पिशवी शिवायचीच असेल तर ती घरातल्या जुन्या कापडाची शिवावी, आणि आधीच चार पिशव्या असतील तर पाचवी शिवूच नये.

पहिले कौशल्य म्हणून मी रफूची शिफारस करीन, कारण त्याला सुई, दोरा आणि फाटलेला कपडा याखेरीज काही लागत नाही. कोपरावर विरलेला सुती सदरा घ्यावा. भोकाखाली एखादी गुळगुळीत वाटी पालथी धरावी, म्हणजे कापड सैल पडत नाही आणि ताणलेही जात नाही. दोरा सुती आणि कापडाच्या धाग्याइतकाच जाड असावा. त्याला गाठ न मारता बोटभर शेपूट सोडावे आणि भोकाच्या सुमारे एक सेंटीमीटर बाहेरून, शाबूत कापडावर, बारीक धावदोरा घालायला लागावे. उभ्या धाग्याच्या दिशेने एकमेकींना लागून ओळी घालत जावे. भोक आले की दोरा त्याच्यावरून सरळ पलीकडे न्यावा. प्रत्येक ओळीच्या टोकाला वळताना दोऱ्याचा इवलासा फास सैल सोडावा, कारण धुण्यात नवा दोरा आटतो आणि ही सैल जागा नसेल तर कापडाला चुण्या पडतात. उभ्या ओळी पुऱ्या झाल्या की आडवा दोरा एका धाग्यावरून, एका धाग्याखालून असा विणावा आणि पुढच्या ओळीत हा क्रम उलटा करावा. शेवटी दोन्ही शेपटे विणीत ओवून घ्यावीत.

माझी पहिली रफू पूर्ण फसली होती. भोक लवकर बुजावे म्हणून मी दोरा आवळत गेलो आणि तोही मजबूत हवा म्हणून नायलॉनचा घेतला होता. पहिल्याच धुण्यानंतर कोपरावर एक कडक गोळा तयार झाला आणि काही दिवसांत त्याच्या शेजारी नवी चीर पडली, कारण विरलेल्या सुतापेक्षा दोरा कितीतरी चिवट होता आणि तो कापडच कापत गेला. ठिगळालाही हाच नियम लागू आहे: नवे कापड आधी धुऊन आटवून घ्यावे आणि मूळ कापडाहून जड वापरू नये.

काम झाले की वहीत तारीख, सामान आणि लागलेला वेळ लिहावा आणि महिन्याने त्याच पानावर वस्तू कशी टिकली ते नोंदवावे. दुसऱ्याच्या सुंदर नमुन्यापेक्षा आपल्याच फसलेल्या कामाची ही नोंद पुढच्या कामाला जास्त उपयोगी पडते.

एकट्याने अडायला झाले, विशेषतः विजेच्या उपकरणांच्या बाबतीत, तर जाणकाराच्या शेजारी बसून शिकावे. मार्टिने पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला तो याच कल्पनेवर: बिघडलेली वस्तू घेऊन यायचे आणि स्वयंसेवकाच्या मदतीने ती तिथेच दुरुस्त करायची. पुढे ही पद्धत अनेक देशांत पसरली. ओळखीतले पाच-सहा जण महिन्यातून एका दुपारी आपापली मोडतोड घेऊन एकत्र बसले, तरी एवढे साधते.

जमवून ठेवलेल्या नमुन्यांचीही दर तीन महिन्यांनी झाडाझडती घ्यावी. ज्याला या काळात एकदाही हात लागला नाही तो काढून टाकावा, आणि उरलेल्यांतला पुढचा नमुना निवडताना पुन्हा वहीतल्या नोंदींपासूनच सुरुवात करावी.