कडक भाकरीच्या गल्ल्यावर क्यूआर लावायचा तर

सोलापुरात आमचं भाकरी-चटणीचं लहान दुकान आहे. ज्वारी-बाजरीच्या कडक भाकरी, उखळात कुटलेली शेंगाचटणी, सणासुदीला शेंगापोळी. गल्ल्यावर सासूबाई बसतात, मी त्यांना आत्या म्हणते. हल्ली घरी चटणी कुटून विकणाऱ्या ओळखीच्या बाया येतात, ‘आमच्याकडंपण ते लावून दे की’ म्हणतात. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा आमची उधारीची वही फुगली होती. यूपीआय त्याच वर्षी आलं होतं म्हणे, पण आमच्या दुकानाच्या उंबऱ्यावर पोचायला पुढची चार वर्षं गेली. आत्यांचा सवाल एकच होता, ‘हातात येत न्हाई त्यो पैसा कसला गं?’ त्यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं.

पहिल्यांदा खातं कुणाचं ते ठरवा. आम्ही तिथंच चुकलो. भाच्यानं हौसेनं स्वतःच्या नंबरचा क्यूआर छापून आणला. दिवसभर भाकरी बांधायच्या आत्यांनी आणि पैसे जमा कॉलेजातल्या पोराच्या खात्यात. त्यानं एक रुपया इकडचा तिकडं केला नाही, पण दर रविवारी त्याच्याकडून रोख घेताना आत्यांना आपल्याच धंद्यात हात पसरल्यासारखं व्हायचं. म्हणून गल्ल्यावर जी बसते तिच्याच नावाचं खातं घ्या. जनधनच्या वेळी कागदपत्रं पुरी न देता ‘छोटं खातं’ उघडलेलं असेल तर त्यात वर्षाला १ लाखाच्या वर जमा चालत नाही, तेव्हा आधी केवायसी पुरी करा. जमलं तर दुकानाचं खातं घरखर्चापेक्षा वेगळं ठेवा. एखाद्या गिऱ्हाइकानं फसवणुकीतले पैसे तुम्हाला दिले आणि तपासात तुमचं खातं अडकलं, तर निदान पोरांची फी आणि गॅसचे पैसे तरी मोकळे राहतात.

खात्याला जोडलेला नंबर ज्या सिमचा, तेच सिम फोनमध्ये पाहिजे. अ‍ॅप त्यावरून एक मेसेज पाठवून खात्री करून घेतं, तेवढा बॅलन्स ठेवा. रिचार्ज संपवून तो नंबर मरू देऊ नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणालातरी मिळतो.

यूपीआयचा पिन करताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष लागतं. कार्ड नसेल तर आधारवरूनही होतं. जन्मसाल आणि गाडीचा नंबर सोडून काहीही ठेवा. आणि हे मी आत्यांकडून घोकून घेतलं, तुम्हीही घोका: पैसे येताना पिन लागत नाही. पिन लागतो द्यायला, नाहीतर शिल्लक बघायला. ‘दोनशे भाकरींची ऑर्डर आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असा फोन आला की खुशाल ठेवून द्या. आम्हाला दोनदा आलाय. दोन्ही वेळेला बोलणारा घाईत होता, आणि भाकरी ज्वारीची का बाजरीची हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

दुकानासाठी व्यापारी क्यूआर घ्या. अ‍ॅपमधूनच मागवता येतो किंवा कंपनीचा माणूस येऊन लावून देतो. खात्यातून आलेल्या यूपीआय पैशावर दुकानदाराला टक्केवारी पडत नाही, जानेवारी २०२० पासून तसा नियमच आहे. पैसे आले की मोठ्यानं सांगणाऱ्या आवाजाच्या डब्याचं भाडं मात्र वेगळं असतं. ते किती, कोणत्या तारखेला कापणार आणि डबा परत केला तर काय, हे तिघं बसलेले असताना विचारून घ्या. एकटीनं ऐकलं की नंतर ‘तसं बोललोच नव्हतो’ होतं.

डबा घ्यायचा का? माझ्या मते लहान दुकानाला भाडं जड असलं तरी घ्यावा. त्या डब्यानंच आत्यांना वळवलं, माझ्या बोलण्यानं नाही. त्यांना वाचायला चष्मा लागतो, हात पिठात असतात, फोन कोण बघणार? ‘साठ रुपये प्राप्त झाले’ एवढं कानावर पडलं की त्या भाकरी पुढं सरकवतात. भाषा निवडता येते. आमच्या शेजारच्या बाईंनी तेलुगू लावलीय.

पोरं फोनवरची हिरवी खूण दाखवून निघतात, तिच्यावर विश्वास ठेवू नका. तशीच खूण दाखवणारी खोटी अ‍ॅपं असतात. डबा बोलला नाही तर आपल्या फोनवर बघा, मगच पिशवी द्या. क्यूआरच्या पाटीवरून रोज सकाळी बोट फिरवा. एकदा आमच्या पाटीवर कुणीतरी दुसरंच स्टिकर चिकटवलं होतं. डबा गप्प आणि गिऱ्हाईक ‘गेले की पैसे’ म्हणतंय, तेव्हा ते कळलं. आता पाटी काचेखाली ठेवलीय.

गिऱ्हाइकाचे पैसे कापले आणि तुम्हाला आलेच नाहीत, तर भांडू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुकानात दिलेले असे अडकलेले पैसे पाच दिवसांत परत गेले पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. आम्ही व्यवहाराचा बारा आकडी नंबर वहीत लिहून घेतो. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर माल देतो, परगावचं असेल तर रोख मागतो. यात थोडा पक्षपात आहे, मान्य. खरोखर फसवणूक झाली तर मात्र त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं.

वही सोडू नका. आमच्या वहीत दोन रकाने आहेत, ‘रोख’ आणि ‘डबा’. रात्री डब्याचा आकडा अ‍ॅपशी जुळवायचा. पहिला महिनाभर आत्या डब्यानं बोललेल्या प्रत्येक रकमेसाठी एक शेंग वाटीत टाकायच्या आणि रात्री मला मोजायला लावायच्या. मला हसू यायचं. पण एके रात्री एक शेंग जास्त निघाली, म्हणून शोधलं तर गिऱ्हाईक डब्याआधीच निघून गेलं होतं आणि त्याचे पैसे आलेच नव्हते. ‘डबा बोलला न्हाई, म्याच बोलले आसंन,’ म्हणाल्या. तिथून पुढं डबा बोलल्याशिवाय शेंग पडत नाही.

रोख पूर्ण मोडीत काढू नका. ज्वारी देणारा अजून नोटाच मागतो, गिरणीवालाही. म्हणून खात्यातले सगळे पैसे न हलवता आठवड्याचं धान्य आणि दळण एवढी रोख गल्ल्यात राहील असं बघा.

राहता राहिला जानेवारीतला गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वर यात्रा. तिथं होम मैदानावर स्टॉल लावणार असाल तर गर्दीत नेटवर्क हमखास बसतं. दोन कंपन्यांची सिमं ठेवा. डबा आदल्या रात्री चार्जिंगला लावा. नेहमीच्या गिऱ्हाइकांना यूपीआय लाइट (फोनमध्येच आधी थोडे पैसे काढून ठेवून त्यातून द्यायची सोय) वापरायला सांगा, त्यात १,००० पर्यंतच्या रकमेला पिन लागत नाही आणि बँकेचा सर्व्हर रेंगाळला तरी बहुतेक वेळा काम होतं. दहाच्या नोटांचा गठ्ठा आदल्या दिवशीच आणून ठेवा. आमचा गठ्ठा आत्यांच्या कमरेच्या पिशवीत असतो, आणि तिथून तो काढायला मलासुद्धा परवानगी लागते.