डीएनए दुमडून नळी कशी करायची

आधी कल्पना क्लिअर करू. डीएनएचा एक लांब धागा घ्यायचा (स्कॅफोल्ड) आणि त्याला जागोजागी डीएनएच्याच छोट्या तुकड्यांनी (स्टेपल) टाचायचं, बस. २००६ मध्ये कॅलटेकच्या पॉल रोथेमुंडने असंच स्मायली बनवून दाखवलं होतं. धागा एम१३ या विषाणूचा, ७२४९ बेसचा (बेस म्हणजे डीएनएच्या साखळीतलं एक अक्षर), एकेरी आणि गोल, म्हणजे सुटं टोक नाही.

आता कॅडनॅनो उघडा, हे असलं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसेल त्यात मधलं एक भोक सोडून गोलाकार सहा घरं निवडा (एक घर म्हणजे डीएनएची एक दुहेरी दांडी), ही तुमच्या नळीची भिंत. सहाच का, तर धागा एका घरातून जातो, पुढच्यातून परत येतो, असं करत सुरुवातीच्या टोकालाच यायला हवा, म्हणून सम आकडा लागतो.

लांबी ठरवताना घाई नको, सगळी गंमत २१ मध्ये आहे. डीएनएचा एक वेढा १०.५ बेसचा म्हणून २१ म्हणजे बरोब्बर दोन वेढे, आणि दर ७ बेसला साखळी तीनपैकी एका शेजाऱ्याकडे तोंड करते, तिथेच क्रॉसओव्हर (एका घरातून शेजारच्या घरात उडी) टाकता येतो. ५७ × २१ = ११९७, सहा घरांचे ७१८२, उरले ६७, ते टोकाला मोकळे लोंबू द्या. एक बेस ०.३४ नॅनोमीटरचा धरला तर नळी ४०७ नॅनोमीटर लांब, जाडी मात्र जेमतेम सहा-आठ.

मग ऑटोस्टेपल दाबा, स्टेपल आपोआप पडतील, आणि लांबलचक झालेले स्टेपल हाताने तोडा, ४२च्या आसपास ठेवले तर साधारण १७१ होतात. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा. निळा धागा (स्कॅफोल्ड) एकच सलग आहे ना ते बघा, टोकाशी एक कट द्या, एम१३चा सिक्वेन्स (बेसचा क्रम) टाका, स्टेपलची यादी एक्सपोर्ट करून ऑर्डर.

लॅबमध्ये धाग्याच्या दहापट स्टेपल, बफरमध्ये १२ ते २० मिलिमोलर मॅग्नेशियम, पीसीआर मशीनमध्ये (ठरवलेलं तापमान पाळणारं यंत्र) तापवून हळूहळू थंड. मॅग्नेशियम विसरू नका, डीएनएवर ऋण भार असतो, शेजारची घरं एकमेकांना ढकलतात. नळी नीट बनली का हे तपासायला डीएनए जेलमधून विजेने सरकवतात; मी पहिल्यांदा जेल साध्या बफरमध्ये चालवलं, बँडच्या जागी नुसता फराटा!! जेलमध्येही मॅग्नेशियम लागतं, आणि ट्रे बर्फात ठेवा.

मायक्रोस्कोपखाली नळ्या रेल्वेच्या डब्यांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर डिझाइन चुकलं असं समजू नका, सपाट टोकं चिकटतातच, टोकाचे स्टेपल टाकूच नका किंवा त्यांना चार टी (थायमिन) बेसची शेपटी लावा.