संत्र्याचा शिरका उसळला, सलाइनच्या नळीनं आवरला

मृग बहराची (पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या बहराची) बारकी संत्री व्यापारी उचलत नाही, म्हणून आम्ही त्यांचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालतो. यंदा एप्रिलात, वरुडकडच्या उन्हात, रस-गुळाच्या कॅनीचं झाकण रात्री फाडकन उडालं. चोथा थेट वर टिनाला. सासूबाई म्हणाल्या, "काय वं, कॅनीत भूत घुसलं काय?"

भूत म्हणजे कार्बन डायऑक्साइड. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि हा वायू सोडतं, आणि ३५ अंशांच्या आसपास त्याला फारच जोर चढतो. त्यात चोथा तरंगून तोंडाशी बूच बसतं.

मग रस फडक्यानं गाळला, कॅन पाऊणच भरली. झाकणाला भोक पाडून सलाइनची कोरी नळी बसवली, फट मेणानं बुजवली, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. वायू बुडबुडत निघतो, चिलटं आत जात नाहीत. कॅनीभोवती ओला बारदाना, समोर कूलर. (कूलरवरून घरात भांडण झालं, ते वेगळं.)

बुडबुडे थांबले की मात्र नळी काढून तोंडाला नुसतं सुती फडकं बांधायचं. अल्कोहोलचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. झाकण घट्ट राहिलं तर शिरका होतच नाही.