मायना नको, मुद्द्याचं लिहा

मी देवगडात समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं भांडण अशा माणसाशी असतं, जो एकतर वारलाय नाहीतर मुंबईत आहे आणि फोन उचलत नाही. अशांना मी आधी त्या माणसाला पत्र लिहायला कागद देते, मग त्याच्याशी बोलायला रिकामी खुर्ची.

पत्र टपालात टाकायचं नाही, हे आधीच ठरवा. पाठवायचं म्हटलं की माणूस जपून लिहितो. मायनाही गाळा. कलमांची बाग धाकट्याच्या नावावर करून गेलेल्या वडिलांना एका गृहस्थांनी ‘तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार’ असं सुरू केलं आणि पुढे पानभर पावसापाण्याच्या गोष्टी. पायांवर डोकं ठेवल्यावर जाब कसा विचारणार? मालवणीत लिहा म्हटलं, तर पहिलीच ओळ आली: ‘तुमी माका आधी कित्याक सांगूक नाय?’ ज्या बोलीत भांडता, तिच्यातच लिहा. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहीत होते. मीही तेवढंच सांगते. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही लिहा. नुसती हकीकत म्हणजे तलाठ्याकडचा अर्ज. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतं, ते चालायचंच. पण हातपाय कापू लागले, झोप उडाली, तर थांबा. मृत्यू ताजा असेल किंवा अत्याचार झाला असेल, तर घरी एकट्याने हे करूच नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आता खुर्ची. जेकब मोरेनोंच्या सायकोड्रामातून, म्हणजे भूमिका वठवून करायच्या मानसोपचारातून, आणि फ्रिट्झ पर्ल्सच्या गेस्टाल्ट या, आत्ता काय वाटतंय यावर भर देणाऱ्या मानसोपचारातून आलेली ही पद्धत. समोरच्या रिकाम्या खुर्चीला पत्र मोठ्याने वाचून दाखवायचं. मग उठून तिच्यात बसायचं आणि वडील होऊन उत्तर द्यायचं. लगेच नाही, आधी मी बारीकसारीक विचारते. बाबा, अंगात काय घातलंय? पान खाल्लंत? हात कुठे ठेवता? ते गृहस्थ गुडघे चोळत बसले नि आवाजच बदलला. ‘धाकटो हयसर रवलो. तू मुंबयक गेलंस.’ एवढंच. हे त्यांना अजिबात पटलं नाही, पण आपल्या खुर्चीत परतल्यावर बापासमोर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. वडिलांच्या तोंडी माफी घालायची घाई करू नका, ती खोटी लागते. शेवटचं वाक्य मात्र आपल्याच खुर्चीतून बोला.

दशावतारातला राजा रंग पुसून मगच घरी जातो, तसं भूमिकेतून बाहेर या: स्वतःचं नाव, गाव, आजचा वार मोठ्याने सांगा, पाणी प्या, खुर्ची जागेवर ठेवा. आणि भूमिका करायला घरातलं कुणी घेऊ नका. वहिनीला सासूबाई व्हायला सांगितलंत, तर पुढची पत्रं तिला लिहावी लागतील.

पत्राचं काय करायचं? फाडा, नाहीतर समुपदेशकाकडे ठेवा. कपाटात नको, वाटणीच्या कागदांत सापडलं तर निराळीच पंचाईत.