पात्राचा विचार हालचालीत कसा आणावा: पुण्यातील होतकरू कॅरेक्टर ॲनिमेटरसाठी

कॅरेक्टर ॲनिमेशन, म्हणजे पात्रांना हालचालीतून जिवंत करण्याची कला, शिकू पाहणारे बहुतेक विद्यार्थी पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा विचारतात, आणि त्याचे उत्तर सर्वांत सोपे असल्यामुळे ते आधीच देऊन टाकतो. ब्लेंडर विनामूल्य मिळते, त्यात द्विमितीय आणि त्रिमितीय अशी दोन्ही कामे होतात, आणि २०२५ साली ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट त्यातच तयार झाला आहे. संगणकावर हाताने चित्रे काढायची असतील तर क्रिटा किंवा ओपनटूंझ पुरेसे आहे. कागदावर काम करायचे असेल तर लाइटबॉक्स (खालून उजेड देणारी पेटी), पेग बार (कागद एकाच जागी धरणारी खुंट्यांची पट्टी) आणि भोके पाडलेले कागद लागतात. यांपैकी एक निवडावे आणि किमान वर्षभर बदलू नये. खरा अवघड प्रश्न त्यानंतर सुरू होतो: पात्र नुसते हलते आहे असे न दिसता, ते मनाशी काही ठरवून हलते आहे असे प्रेक्षकाला कसे वाटावे? पुढील मजकूर त्या एका प्रश्नापुरता आहे.

आगकाड्यांपासून सुरुवात

पहिला सराव चेहरा आणि हातपाय नसलेल्या वस्तूवर करावा. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट आगकाड्या एकेका फ्रेमने, म्हणजे एकेक स्थिर चित्र टिपत, सरकवून केला होता; तो प्रयोग आज घरच्या टेबलावर मोबाइलने करता येतो. मोबाइल स्टँडवर पक्का बसवावा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावेत, आणि खिडकी झाकून एकाच दिव्याच्या उजेडात काम करावे, कारण ढग आले-गेले तरी तयार फिल्म लुकलुकू लागते. सेकंदाला १२ छायाचित्रे या हिशेबाने ५ सेकंदांसाठी ६० छायाचित्रे पुरतात.

विषय एवढाच ठेवावा: एक काडी जळलेली आहे, दुसरी कोरी आहे, कोरी काडी जळलेलीच्या जवळ जाते आणि तिचे काय झाले हे लक्षात येताच मागे सरते. नवखा विद्यार्थी काडी ज्या वेगाने पुढे नेतो त्याच वेगाने मागे आणतो, आणि मग काडी घाबरल्याचे कोणालाच कळत नाही. तीच काडी जवळ नेऊन ८ छायाचित्रे अगदी स्थिर ठेवावी, मग दोन छायाचित्रांत किंचित पुढे झुकवावी आणि पुढच्या तीन छायाचित्रांत झटकन मागे घ्यावी. त्या स्थिर ८ छायाचित्रांत काडी पाहते आहे, समजून घेते आहे, असे प्रेक्षक आपणहून मानतो. हालचालीचा अभ्यास करताना विद्यार्थी थांब्यांकडे दुर्लक्ष करतात, आणि पात्राचा विचार तर बहुधा थांब्यातच दिसतो.

यानंतर चेंडूचा, म्हणजे पडणारा-उसळणारा चेंडू दाखवण्याचा, सराव येतो. तो सगळीकडे शिकवला जातो, म्हणून त्याचा फार विस्तार करत नाही. फक्त एक गणित पाठ असू द्यावे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर वरून सोडलेली वस्तू पहिल्या ६ फ्रेममध्ये सुमारे ३० सेंटिमीटर पडते, आणि १२ फ्रेम होईपर्यंत जवळजवळ १२२ सेंटिमीटर पडलेली असते. म्हणजे वेळ दुप्पट झाला की अंतर चौपट होते. चित्रांमधील अंतर या प्रमाणात वाढले नाही तर चेंडू पाण्यात बुडत असल्यासारखा वाटतो आणि मग त्याचा रंग, छाया, पोत कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ग्रंथरूपाने मांडलेली ॲनिमेशनची १२ तत्त्वे वाचावीत, परंतु ती मुलाखतीसाठी पाठ करण्याची जी प्रथा पडली आहे तिने कोणाचेही काम सुधारलेले माझ्या पाहण्यात नाही.

वजन कुठे पाहावे

पात्राचा स्वभाव कळण्याआधी त्याचे वजन कळावे लागते, आणि वजनाच्या अभ्यासासाठी पुण्यासारखे शहर क्वचितच सापडेल. गणेशोत्सवाच्या आधी काही आठवडे नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. संध्याकाळी तिथे वही घेऊन जावे आणि वादनाकडे कान न देता कमरेकडे पाहावे. ढोल कमरेला बांधलेला असल्यामुळे शरीराचा भार पुढे ओढला जातो, आणि तो सांभाळण्यासाठी वादक कमरेपासून वर मागे झुकतो, पाय फाकवतो, गुडघे किंचित सैल सोडतो. एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप असल्यामुळे खांदे कधीही एका रेषेत नसतात. नवीन मुलगा आणि अनुभवी वादक शेजारी उभे असतील तर फरक लगेच दिसतो: नवीन मुलगा ढोल पेलण्यासाठी खांदे वर चढवून बसतो, अनुभवी माणसाचे खांदे उतरलेले असतात आणि सगळा भार कंबर व मांड्यांवर असतो. ढोल उतरवल्यानंतरची पहिली चार-पाच पावले तर अवश्य पाहावीत, कारण शरीर अजून त्या भाराच्या हिशेबानेच मागे झुकलेले असते.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळी गेल्यास वजनाचा दुसरा धडा मिळतो. पोते पाठीवर घेणारा हमाल आधी वाकतो, भार अंगावर येऊ देतो, मग सरळ चालू लागत नाही. क्षणभर जागीच तोल जुळवतो आणि त्यानंतर पहिले पाऊल टाकतो. पावले आखूड असतात, टाचा जमिनीपासून फारशा उचलल्या जात नाहीत, आणि मान वळवायची झाल्यास तो मान न वळवता सगळे शरीर वळवतो. संगणकावरील पात्राला ओझे उचलायला लावताना यातला एखादाच तपशील घेतला तरी पोत्यात धान्य असल्यासारखे वाटू लागते. चित्रीकरण करायचे असेल तर आधी विचारावे. काम करणाऱ्या माणसासमोर न विचारता मोबाइल धरणे असभ्यपणाचे आहे, आणि कोणी आपल्याला टिपत आहे हे कळल्यावर माणूस आपल्या सहज चालीने चालतही नाही. म्हणून वहीतली रेखाटने बरी. ती सुंदर नसावीत. एका रेखाटनाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ दिला तर आपण माणूस सोडून चित्र काढू लागतो.

नाटकांचाही असाच उपयोग करून घेता येतो. बालगंधर्व रंगमंदिराच्या किंवा भरत नाट्य मंदिराच्या अगदी मागच्या रांगेचे तिकीट काढावे. तिथून नटाचा चेहरा नीट दिसत नाही, त्यामुळे कोणाचा हेतू काय आहे हे केवळ उभे राहण्यावरून, वळण्यावरून आणि अंतर राखण्यावरून ओळखावे लागते. ज्या नटाचे मन मागच्या रांगेतूनही कळते त्याच्या पोजचे, म्हणजे शरीराच्या ठेवणीचे, बाह्याकार वहीत काळ्या ठोकळ्यासारखे भरून ठेवावेत. ॲनिमेशनमधील चांगली पोजही अशीच, आतले सर्व तपशील काळे करून टाकले तरी वाचता आली पाहिजे.

चित्रपट कसा पाहावा

ॲनिमेटर होऊ इच्छिणाऱ्याने केवळ ॲनिमेशनपट पाहू नयेत, असे माझे ठाम मत आहे. एका ॲनिमेशनपटावरून दुसरा शिकणाऱ्याच्या हाती हळूहळू ठरावीक भुवया, ठरावीक हसू आणि ठरावीक खांदे उडवणे एवढेच उरते. पुण्याला याबाबतीत घरचाच वारसा आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. तिने १९३४ साली 'जंबू काका' हा ॲनिमेशनपटही केला. तिच्याच आवारात पुढे १९६० साली आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि जवळच लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे होणाऱ्या खेळांवर लक्ष ठेवावे, आणि बहुधा जानेवारीत भरणाऱ्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही दिवसाला चार-चार चित्रपट पाहण्याऐवजी दोनच पाहून संध्याकाळी टिपणे काढावीत.

अभ्यासासाठी एकच चित्रपट निवडायचा तर मी प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' निवडेन. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम आणि गौरी यांची जिजाई ही दोन माणसे एकाच घरात राहतात, पण त्यांची शरीरे दोन वेगळ्या जगांत वावरतात. तुकाराम फारसा हलत नाही. त्याची मान, नजर आणि हात एका संथ लयीत असतात, जणू आतले भजन थांबलेलेच नाही. जिजाई मात्र सतत कशात ना कशात गुंतलेली असते, तिचा राग आधी हातांत येतो आणि मग तोंडात, आणि आजारी मुलाला ओढत देवळात नेऊन देवावरच वहाण उगारणारी ही बाई तिच्या चालीवरून आधीच कळलेली असते. या दोघांचा एखादा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहावा. नंतर व्हीएलसी प्लेअरमध्ये इंग्रजी 'ई'ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जावे आणि तीन गोष्टी लिहाव्यात: नजर कधी वळली, त्यानंतर किती फ्रेमनी मान वळली, आणि धड वळले का. विचार करून वळणारा माणूस बहुधा डोळ्यांनी सुरुवात करतो आणि दचकून वळणाऱ्याचे सगळे शरीर जवळजवळ एकदमच फिरते. पापणी कधी लवते याचीही नोंद करावी, कारण एका विचारावरून दुसऱ्यावर जाताना माणसाची पापणी अनेकदा लवते, आणि पात्राची पापणी ठरावीक अंतराने मिटवत राहणे ही नवख्या कामाची हमखास खूण आहे.

एक शॉट, आरंभापासून

शॉट ३ ते ५ सेकंदांचा घ्यावा. ३ सेकंद म्हणजे ७२ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम वापरण्याच्या पद्धतीने ३६ चित्रे. इतके काम नोकरी किंवा कॉलेज सांभाळून पुरे होऊ शकते. पहिल्याच वर्षी दहा मिनिटांचा लघुपट घोषित करणारे बहुतेक जण स्टोरीबोर्डपाशी थकतात.

समजा, वाक्य आहे: "अहो मामा, बसा ना!" आधी कागदावर दोन ओळी लिहाव्यात: बोलणाऱ्याला काय हवे आहे, आणि तो काय लपवतो आहे. पुण्यात 'बसा ना' किती प्रकारे म्हणता येते हे पुणेकरांना सांगायला नको. पाहुण्याने खरोखर बसावे असे वाटणारा माणूस बोलण्याआधीच खुर्ची पुढे ओढतो. पाहुणा निघावा असे वाटणारा माणूस तेच वाक्य दारापाशी उभे राहून, कडीवरचा हात न काढता म्हणतो. हे ठरल्यानंतर स्वतः उभे राहून दोन्ही प्रकार मोबाइलवर चित्रित करावेत. मोबाइलचे चित्रण अनेकदा बदलत्या फ्रेम रेटने होते, त्यामुळे ते आधी सेकंदाला स्थिर २४ फ्रेममध्ये रूपांतरित करून घ्यावे, अन्यथा मोजलेल्या फ्रेम चुकतात. ते चित्रण जसेच्या तसे गिरवू नये. त्यातील चार-पाच निर्णायक क्षण निवडून छोट्या थंबनेलमध्ये, म्हणजे झटपट कच्च्या चित्रांत, काढावेत आणि प्रत्येक पोज आपल्या शरीरापेक्षा थोडी अधिक स्पष्ट करावी.

त्यानंतर ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोज आणि त्यांच्या वेळा बसवणे. त्रिमितीय काम असेल तर स्टेप्ड मोडमध्ये, म्हणजे एका पोजवरून थेट दुसऱ्या पोजवर उडी घेत, टायमिंग पक्के होईपर्यंत थांबावे. संगणकाला मधल्या फ्रेम भरू देण्याची घाई केली की सगळे काही गुळगुळीत तरंगू लागते आणि चूक नेमकी कोणत्या पोजमध्ये आहे हे कळेनासे होते.

ओठांचे काम सर्वांत शेवटी. इंग्रजी उच्चारांसाठी केलेले तक्ते मराठीला निम्मेच उपयोगी पडतात. वरील वाक्यात ओठ पूर्ण मिटतात ते तीन वेळा, 'मामा'तील दोन म आणि 'बसा'तील ब; ही तीन मिटणी किमान दोन फ्रेम टिकली पाहिजेत, आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आलेली चालतात. 'अहो'च्या शेवटी ओठ गोल होतात. 'ट', 'ण', 'ळ' यांत जी जिभेची कसरत होते ती बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र आकार करत बसू नये. जबड्याची उघडझाप पुरते. आणि तोंडाआधी भुवया व मान नीट झाली नसतील तर अचूक ओठांनीही पात्र बोलते आहे असे वाटत नाही.

काम दाखवणे

ब्लॉकिंग झाले की ॲनिमेशनशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला ते आवाजाविना दाखवावे आणि "कसे वाटले?" असे न विचारता "हा माणूस काय विचार करतो आहे?" असे विचारावे. घरची मंडळी पहिल्या प्रश्नाला छान म्हणून मोकळी होतात. दुसऱ्या प्रश्नाला त्यांना खरे उत्तर द्यावे लागते. उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आले तर समजावून सांगू नये, पोज बदलावी. रोजच्या कामासाठी ठरावीक तास असावा, आणि तो दिवसाच्या शेवटी उरलेला नसावा, कारण थकलेल्या डोळ्यांना दोन फ्रेममधील फरक दिसत नाही.

शोरील, म्हणजे काम मागताना दाखवायची निवडक शॉटची फिल्म, एका मिनिटाच्या आत ठेवावे आणि उत्तम शॉट पहिला ठेवावा, कारण निवड करणारे शेवटपर्यंत पाहतीलच असे नाही. दोन चांगल्या शॉटबरोबर तीन बरे शॉट जोडले की रील बऱ्या शॉटवरून जोखले जाते. ते तीन काढून टाकावेत. पार्श्वसंगीत टाळावे, संवाद असेल तेथे मूळ आवाज ठेवावा. प्रत्येक शॉटच्या कोपऱ्यात आपण नेमके काय केले ते लिहावे, आणि रिग (पात्र हलवण्यासाठीचा संगणकीय सांगाडा) दुसऱ्या कलावंताने तयार केलेला असेल तर त्याचे नाव तेथेच द्यावे.